मेणकापडातली नोंदवही

१

धरणावरची नोंदवही चोरीला गेली, हे माझ्या बायकोच्या आधी मला कळलं. ती अंघोळीला गेली होती आणि फोन मी उचलला. पलीकडचा माणूस इतका घाबरलेला होता की मी कोण हे विचारायचंही त्याला सुचलं नाही.

"बाई, कपाटाला कुलूप आहे, कुलूप धड आहे आणि आत वही नाही," एवढं तो एका दमात बोलला.

मी म्हटलं, "अहो, मी बाई नाही, बाईंचा नवरा."

"मग त्यांना सांगा. आज चार वाजता दरवाजे उघडणार आहेत." आणि फोन बंद.

मी पेशाने शिंपी. दुकान आता पुतण्या सांभाळतो, डोळ्यांनी दगा दिल्यापासून मी फक्त सल्ले देतो आणि ते कोणी ऐकत नाही. बायको मात्र जल आयोगात चौकशी अधिकारी आहे. देशातल्या अकरा धरणांपैकी कुठेही आकड्यांत गडबड झाली की हिला बोलावतात. नेमकी त्याच दिवशी सरकारी गाडी गॅरेजमध्ये होती, त्यामुळे आमचा जुना खटारा आणि त्याचा जुना ड्रायव्हर, म्हणजे मी, असे दोघे कामाला लागलो. खरं सांगतो, मला आनंदच झाला. तीस वर्षं ही बाई घरी येऊन "काही नाही, रोजचंच" एवढंच सांगायची, आता एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायला मिळणार होतं.

"तुम्ही गाडीत बसायचं," ती म्हणाली.

"बरं," मी म्हणालो. दोघांनाही माहीत होतं की मी बसणार नाही.

वाटेत तिने सगळं समजावलं. धरणाच्या भिंतीवर पाण्याची पातळी मोजायची पट्टी आहे, त्या पट्टीवर साठचा आकडा लाल रंगात आहे. मागच्या महिन्यातल्या रोजच्या नोंदींची सरासरी साठच्या वर असेल तर जादा पाणी बाहेर सोडता येतं. खाली असेल तर थेंबही सोडायचा नाही, सगळं शहराला प्यायला.

"आणि आज सोडणार आहेत ते किती?"

"पंच्याहत्तर दिवसांचं प्यायचं पाणी. नव्या वसाहतीतला तलाव भरायचाय. रविवारी उद्घाटन आहे, होड्या सोडणार आहेत."

"मग वही सापडेपर्यंत थांबवा की."

"तिथेच मेख आहे. मूळ वही आणि मुख्य कार्यालयातली प्रत यांत फरक असेल तर मूळ वही खरी धरायची. पण मूळ वही नसेलच, तर प्रत खरी. आणि प्रतीत सरासरी एकसष्ट आहे."

अठरा वर्षांपूर्वी आमच्या शहरात नऊ दिवसांनी एकदा पाणी येत होतं. दुकान बंद ठेवून मी टँकरच्या रांगेत उभा राहायचो आणि आमची लेक तापाने फणफणलेली असताना तिच्या कपाळावर ठेवायला ओली पट्टी करायची तर आधी भांड्यात बघावं लागायचं. आता त्याच लेकीचं बाळ अडीच महिन्यांचं आहे. मी गाडी जरा जोरात हाणली. बायकोने घड्याळ बघितलं, म्हणजे तिलाही घाई होती.

२

धरणाच्या भिंतीला चिकटून एक छोटी खोली आहे, तिला मापघर म्हणतात. खोलीत एक टेबल, एक फोन, एक लोखंडी कपाट. मागच्या दारातून दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. त्या पायऱ्यांशी जायला दुसरी वाट नाही.

दारात आम्हाला फोन करणारा माणूस उभा होता. त्याला सगळे पट्टीकाका म्हणतात. रोज सकाळी सात वाजता खाली उतरून पाण्याची पातळी वाचायची आणि तिथल्या तिथे शाईने वहीत लिहायची, हे काम तो एकतीस वर्षं करतोय. हातात एक कागद होता. निलंबनाचा. वही गहाळ केल्याबद्दल, मुख्य कार्यालयाकडून, सकाळीच.

"वही हरवली हे कळून तास झाला नाही तोवर कागद तयार," बायको म्हणाली. "भलतेच तत्पर आहेत."

"बाई, मागच्या महिन्यात पाणी साठच्या आसपाससुद्धा नव्हतं," काका म्हणाले. "महिन्याच्या सुरुवातीला अठ्ठावन्न, शेवटी तीस. माझं कोणी ऐकेना. म्हणतात वही दाखवा."

"काल सकाळचा आकडा?"

"चौदा. आजही चौदाच. चला, दाखवतो."

बायको दुखऱ्या गुडघ्यामुळे वरच थांबली, मी काकांबरोबर उतरलो. शेवटच्या पायऱ्यांवर शेवाळ होतं, मी भिंत धरून धरून गेलो. मापाची पट्टी बघून मला हसूच आलं. काळ्या आणि पांढऱ्या रंगाचे आडवे पट्टे, एकेक पट्टा चांगला दोन सेंटीमीटर जाड. आमच्या धंद्यात दोन सेंटीमीटर म्हणजे आख्खा शर्ट बिघडला. पाणी चौदाच्या पट्ट्याच्या जरा वर टेकलेलं होतं, मी नीट बघितलं.

"मग हे जरासं वरचं काय लिहायचं? पंधरा?"

काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी कापड मीटरने नाही, वितीने मोजणाऱ्याकडे बघतो. "पाणी ज्या पट्ट्यावर चढलं तो आकडा. मधलं काही नाही. थोरल्या साहेबांनी मला या पायरीवर उभं करून सांगितलं होतं, अंदाज आत शिरला की त्याच्या मागून कोणाचीही मर्जी शिरते."

थोरले साहेब म्हणजे आधीचे मुख्य अभियंता. टंचाईच्या त्या वर्षानंतर हे सगळे नियम त्यांनीच बसवले. रोजचा आकडा मंडईच्या चौकात फळ्यावर खडूने लिहिला जायचा, तोही त्यांचाच नियम. शहरातली पोरंटोरं शाळेत जाताना आकडा वाचायची. तो फळा तीन महिन्यांपूर्वी नव्या साहेबांनी काढला, लोक उगाच घाबरतात म्हणून.

वर आल्यावर मी कपाटात डोकावलो. एकच वही उरली होती, पावसाची. तिला पिवळ्या मेणकापडाचं कव्हर हाताने शिवलेलं होतं. आणि शिलाई अशी की बघवेना. दोन टाके लांब, एक आखूड, पुन्हा दोन लांब, एक आखूड.

"हे कोणाचं पाप?" मी विचारलं.

"माझंच," काका ओशाळून म्हणाले. "वही पाण्याजवळ न्यायची म्हणून कव्हर लागतं. माझा अंगठा अधू आहे, दर तिसरा टाका आखडतो. दोन्ही वह्यांना असंच आहे. वर्ष संपलं की वही मुख्य कार्यालयाच्या दप्तरात जाते, कव्हर काढून मी नव्या वहीला चढवतो."

"पुढच्या वेळी माझ्याकडे पाठवा," मी म्हणालो. पुढची वेळ येणार का, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

३

कपाटाच्या किल्ल्या दोन. एक काकांच्या कमरेला, दुसरी धरणावरच्या इंजिनिअरबाईंच्या जुडग्यात. त्याच जुडग्यात मापघराचीही किल्ली. इंजिनिअरबाई तिशीच्या, हुशार आणि त्या दिवशी भयंकर चिडलेल्या.

"माझ्यावर संशय असेल तर सरळ विचारा," त्या म्हणाल्या.

"सरळच विचारते," बायको म्हणाली. "काकांचं आणि तुमचं भांडण झालं होतं म्हणे."

"झालं होतं. मी म्हटलं, ही पट्टी बदला, यंत्र बसवा, यंत्र मिलिमीटरपर्यंत मोजतं. या पट्टीने दोन-दोन दिवस एकच आकडा येतो, सलग चार महिने मी त्याचे आलेख काढलेत. काका म्हणाले, यंत्र बसवा, पण माणूस काढू नका. त्यावरून आवाज चढले. पण वही मी कशाला घेईन?"

"किल्ली काल कोणाला दिली होती?"

खिडकीतून दरवाज्यांच्या लाल-हिरव्या बटणांच्या खोलीकडे त्यांनी बघितलं. चार वाजता ते बटण त्यांनाच दाबायचं होतं.

"काल दुपारी मोठे साहेब, म्हणजे नवे मुख्य अभियंता, पाहणीला आले होते. स्वतः पट्टी वाचायची म्हणाले. मी फोनवर होते, काका जेवायला घरी गेले होते. जुडगा दिला. दहा मिनिटांत परत आला. बाई, ते खात्याचे प्रमुख आहेत. मी काय त्यांच्या मागे मागे फिरू?"

"आणि चार वाजता काय करणार?"

"लेखी हुकूम आहे. थांबवणारा लेखी हुकूम आला नाही तर बटण दाबावं लागेल." त्यांनी जुडगा टेबलावर टाकला. "माझं घरही याच शहरात आहे."

गाडीत बसल्यावर मी म्हणालो, "झालं की. मोठ्या साहेबांनीच उचलली."

"अहो, काकांकडे रोज किल्ली असते, बाईंकडे रोज असते, साहेबांकडे दहा मिनिटं होती. यावरून मी खात्याच्या प्रमुखाला चोर म्हणू? उद्या तुम्हाला घरी बसायला सोबत होईल माझी."

साडेअकरा वाजले होते.

४

मुख्य कार्यालय म्हणजे सहा मजले आणि एक लिफ्ट, तीही नाराज. मोठ्या साहेबांची केबिन वरच्या मजल्यावर. माणूस लाघवी. उठून उभे राहिले, बायकोला वहिनी म्हणाले, मलाही खुर्ची दिली. भिंतीवर नव्या वसाहतीच्या तलावाचं भलंमोठं चित्र, त्यात निळंशार पाणी आणि होड्या. मला बायकोने येतानाच सांगितलं होतं की देशाच्या जलसचिवाची जागा रिकामी आहे आणि रविवारी उद्घाटनाला येणारे पाहुणेच ती भरणार आहेत.

"मला त्या म्हाताऱ्याचं वाईट वाटतं," साहेब म्हणाले. "पण वहिनी, देशाचं पाणी सुरक्षित ठेवायचं तर शिस्त लागते. वही सांभाळता येत नाही तो धरण काय सांभाळणार?"

"काल तुम्ही धरणावर गेला होतात."

"जातोच मी. बाकीचे साहेब खुर्चीतून धरण चालवतात, मी पायऱ्या उतरतो. काल अगदी शेवटच्या पायरीपर्यंत गेलो, स्वतः वाचलं. तेरा."

"काकांनी सकाळी चौदा कळवलं होतं."

"दुपारपर्यंत एखादा सेंटीमीटर उतरणारच की. ऊन बघताय ना."

"तेच विचारणार होते. प्रतीत मागच्या महिन्याच्या शेवटी त्रेपन्न आहे. वीस दिवसांत चौदावर?"

"ऊन, वहिनी, ऊन," ते हसून म्हणाले. "आणि शहराची तहान."

इतक्यात शिपाईमामा चहा घेऊन आले. साठीला आलेले, नीटनेटके, काटकसरी गृहस्थ. ट्रेवर कप सरकू नयेत म्हणून पिवळ्या मेणकापडाचा तुकडा अंथरलेला होता. सवयीने माझी नजर कडेला गेली. शिलाई उसवलेली, भोकं उरलेली आणि भोकांची रांग वाकडीतिकडी. कोण असली शिलाई करतं, असं मनात म्हणून मी चहा घेतला. चहा मात्र फक्कड होता.

निघताना साहेब म्हणाले, "चार वाजेपर्यंत मी इथेच आहे. वही सापडली तर मलाच सगळ्यात जास्त आनंद होईल."

५

दप्तरखाना तळमजल्यावर. छतापर्यंत मांडण्या, त्यांत तीनेकशे नोंदवह्या, निळ्या कापडी पाठीच्या, एकसारख्या. मधोमध दप्तरदार. बारीक अंगाचा, खाली मान घालून बोलणारा माणूस. रोज सकाळी सव्वासातला धरणावरून फोन येतो आणि हा आकडा प्रतीत लिहितो.

"आकडा आला की मी परत म्हणतो," त्याने सांगितलं. "तिकडून काका 'बरोबर' म्हणतात. मग फोन ठेवायचा. बावीस वर्षं असंच चाललंय."

"काका कसे आहेत माणूस म्हणून?" बायकोने विचारलं.

"मी त्यांना बघितलेलं नाही."

"बावीस वर्षांत?"

"ते तिथे, मी इथे. सुट्टी दोघांनाही नाही. आवाज ओळखीचा आहे."

त्याने प्रत काढून दिली. मागच्या महिन्याचं पान स्वच्छ, अक्षर मोत्यासारखं. बायको वाचत गेली. सत्तर, एकोणसत्तर, एकोणसत्तर, अडुसष्ट, सदुसष्ट, सदुसष्ट, पासष्ट. अशी उतरत उतरत त्रेपन्न.

"हे अक्षर तुमचं?"

"हो."

"हेच आकडे आले होते?"

दप्तरदाराने टेबलावरची टाचणी उचलली, पुन्हा ठेवली. "मला जे सांगितलं ते मी लिहिलं."

बायकोने त्याच्याकडे एक क्षण बघितलं आणि पान माझ्याकडे सरकवलं. का कोण जाणे. कदाचित तिच्या चष्म्याला घाम आला होता म्हणून. मी वाचायला लागलो. बाहेर कॉरिडॉरमधल्या घड्याळात दोन वाजून गेले होते. वीस आकडे मी वाचले असतील आणि बोट पुन्हा पहिल्या आकड्यावर नेलं. मी तीस वर्षं मापं घेतलीत. टेपवर जी रेघ नाही, ते माप गिऱ्हाईकाच्या अंगावर येत नाही.

"अगं," मी म्हणालो, "जरा बाहेर ये."

६

जिन्याखाली उभं राहून मी तिला भडाभडा सांगितलं. पट्टीवर दोन-दोन सेंटीमीटरचे पट्टे आहेत. मधलं लिहायचं नाही हा नियम. मग काका सांगणार ते आकडे कायम सम. अठ्ठावन्न, छप्पन्न, चौपन्न. एकोणसत्तर, सदुसष्ट, पासष्ट हे आकडे त्या भिंतीवर नाहीतच, मग ते वाचणार कसे?

बायकोने माझा दंडच धरला. लग्नानंतर एवढ्या जोरात तिने मला पहिल्यांदाच धरलं असेल.

"म्हणजे पान बनावट. पण बनवलं कोणी?" ती भराभर बोलायला लागली. विचार करताना तिची बोटं हवेत हिशेब मांडतात. "काकांनी नाही, त्यांचं आयुष्य त्या पायरीवर गेलंय. इंजिनिअरबाईंनी नाही, त्यांनी चार महिने आलेख काढलेत, सम आकडे त्यांना झोपेतही दिसत असतील. दप्तरदारानेही नाही. बावीस वर्षं तो सम आकडेच ऐकतोय, स्वतः रचायला बसला असता तर हात आपोआप सम आकड्यांवर गेला असता. हे अशा माणसाचं काम आहे, ज्याच्यापर्यंत फक्त टाईप केलेल्या सरासऱ्या पोचतात. सरासरी कशीही येते, विषमही येते."

"पण साहेब तर पट्टी वाचून आलेत काल."

"काय वाचलं म्हणाले?"

मी साहेबांचं बोलणं आठवून बघितलं. तेरा.

"आज सकाळी तुम्ही स्वतः बघितलंत," ती म्हणाली. "पाणी चौदाच्या वर होतं. गेले कित्येक महिने पाऊस नाही. काल दुपारी तेरा असलेलं पाणी आज सकाळी चौदाच्या वर कसं जाईल? ते पायऱ्या उतरलेच नाहीत. कोणाकडून तरी काकांचा सकाळचा आकडा ऐकला आणि त्यातून एक वजा करून ठोकून दिलं. मग मापघरात दहा मिनिटं काय करत होते?"

"चल, जाऊन विचारू."

"विचारून काय? मूळ वही हातात असल्याशिवाय मला दरवाजे थांबवता येत नाहीत. नियम आहे. आणि वही कुठे आहे कोणाला ठाऊक. जाळलीसुद्धा असेल."

तीन वाजले. तेवढ्यात जिन्यावरून शिपाईमामा रिकामे कप घेऊन उतरले. ट्रेवर तेच पिवळं मेणकापड. मला एकदम सकाळचा काकांचा ओशाळलेला चेहरा आठवला. मी ट्रे जवळजवळ हिसकावूनच घेतला आणि कडेची भोकं मोजली. दोन लांब, एक आखूड. दोन लांब, एक आखूड.

"मामा, हे कापड कुठून आणलंत?"

मामा गोरेमोरे झाले. "साहेबांच्या टोपलीत टाकलेलं होतं, काल संध्याकाळी. चांगलं कापड आहे, म्हटलं धुऊन वापरावं. चुकलं का माझं?"

"मामा," मी म्हणालो, "तुमच्यासारखे चुकणारे शहरात आणखी चार हवेत."

७

बायको आता पळत होती, गुडघाबिडघा काही नाही. "कव्हर टोपलीत म्हणजे वही या इमारतीत आली. आणि कव्हर का काढलं? सांगा."

"वही ओळखू येऊ नये म्हणून."

"जाळायची असती तर कव्हरासकट जाळली असती. सरकारी वही जाळणं म्हणजे तुरुंग. पण वही दप्तरात कुठेतरी चुकून घुसलेली सापडली, तर तो कारकुनाचा गलथानपणा. तीनशे वह्या आहेत खाली. कव्हर काढलं की त्यातलीच एक."

दप्तरखान्यात दप्तरदार तसाच बसला होता. घड्याळात सव्वातीन. तीनशे वह्या, दोन माणसं, पाऊण तास. मी शिडी ओढली आणि वरच्या मांडणीपासून सुरुवात केली. दहा मिनिटांत वीस वह्याही झाल्या नाहीत.

बायकोने मात्र एकही वही उचलली नाही. ती दप्तरदारासमोर खुर्ची ओढून बसली.

"काका निलंबित झालेत, तुम्हाला माहीत आहे?"

त्याने मान वर केली. दिवसात पहिल्यांदाच. "कोणते काका?"

"तुमचे. आवाज ओळखीचा आहे म्हणालात ते. आज सकाळी कागद मिळाला त्यांना. वही गहाळ केली आणि आकडे खोटे सांगतात म्हणून."

"आकडे खोटे?" दप्तरदाराने समोरची वही मिटली. "बाई, बावीस वर्षांत त्या माणसाने मला एकदा चुकीचा आकडा सांगितला होता. पाच मिनिटांनी परत फोन करून माफी मागितली होती."

"मग हे पान?"

"साहेबांनी मला वर बोलावलं," तो हळूच म्हणाला. "खरं पान फाडलं आणि नवं लिहायला लावलं. ते बोलत गेले, मी लिहीत गेलो. एकोणसत्तर म्हणाले तेव्हाच मला कळलं की यांनी ती पट्टी कधी बघितलेली नाही. मी सांगितलं असतं तर त्यांनी आकडे सम केले असते आणि मग कोणालाही काही कळलं नसतं. मी सांगितलं नाही. भित्रा माणूस आहे मी, घरात कमावणारा एकटा. माझ्याच्याने तेवढंच झालं. म्हटलं, कोणीतरी जाणता येईल आणि वाचेल."

मी शिडीवरून खाली उतरलो. तो कोणीतरी जाणता म्हणजे एक शिंपी निघाला.

"वही कुठे आहे?" बायकोने विचारलं.

"ते मला माहीत नाही. पण काल संध्याकाळी साहेबांनी जुना नकाशा बघायचा म्हणून दप्तराची किल्ली मागितली होती." तो उठला. मांडण्यांच्या दोन रांगा सोडून तिसऱ्या रांगेत शिरला आणि वह्यांच्या पाठींवरून तळहात फिरवत चालायला लागला, डोळ्यांनी बघतसुद्धा नव्हता. "धरणावरची वही वर्षभर ओलाव्यात असते, पानं फुगतात. इथे येऊन दोन-तीन वर्षांनी बसतात. अकरा वर्षांपूर्वीच्या खणात फुगलेली वही असायचं कारण नाही."

हात थांबला. त्याने वही ओढली. पुठ्ठ्याच्या कडेला भोकं होती, दोन लांब, एक आखूड. पान उघडलं. काकांचं ठसठशीत अक्षर. अठ्ठावन्न, अठ्ठावन्न, छप्पन्न, छप्पन्न. शेवटी तीस.

तीन वाजून चाळीस मिनिटं.

८

साहेबांनी वही बघितली, मेणकापड बघितलं आणि तरी हसले. मानलं पाहिजे.

"कोणीतरी माझ्या टोपलीत टाकलं असेल. वहिनी, मी मोठ्या कामांचा माणूस आहे, या असल्या वह्यांत मी कशाला पडू?"

"काल किती वाचलंत म्हणालात?"

"तेरा. सांगितलं ना."

"त्या पट्टीवर तेरा नाही," बायको शांतपणे म्हणाली. "चौदा आहे आणि बारा आहे. तुम्ही उतरला असता तर तुम्हाला माहीत असतं."

साहेबांनी भिंतीवरच्या चित्राकडे बघितलं, मग दारात उभ्या असलेल्या दप्तरदाराकडे. दप्तरदाराने दाराची चौकट धरली होती, पण तो गेला नाही. "पान मी लिहिलंय," तो म्हणाला, "यांनी सांगितलं म्हणून. लेखी देतो."

बायको केव्हाच हुकूम लिहायला लागली होती. सही, शिक्का, फॅक्स. फॅक्स यंत्र दोनदा अडलं. तिसऱ्यांदा शिपाईमामांनी त्याला एक चापट दिली आणि ते चाललं. मग तिने धरणावर फोन लावला. एक रिंग, दोन, तीन. तीन वाजून चोपन्न मिनिटं झाली होती.

"कागद आला?" तिने विचारलं.

पलीकडून इंजिनिअरबाईंचा आवाज मलाही ऐकू आला. "आला, बाई. बटणावरून हात काढलाय." आणि मग त्या फोनवरच रडल्या. मीसुद्धा रडलो, उगाच का खोटं सांगू.

पुढचं आयोगाने केलं. साहेबांची चौकशी, काकांच्या निलंबनाचा कागद रद्द, मंडईच्या चौकात फळा परत. पण मला सांगायचंय ते दुसऱ्या दिवशी सकाळचं. मी काकांना नवं कव्हर शिवून न्यायचं कबूल केलं होतं, तर कार्यालयातून निघताना दप्तरदार म्हणाला, मीही येऊ का?

सातला पाच कमी असताना आम्ही मापघरात पोचलो. काकांनी आणि दप्तरदाराने एकमेकांकडे बघितलं आणि काय बोलावं ते दोघांनाही कळेना. बावीस वर्षं रोज बोललेली माणसं. शेवटी काका म्हणाले, "सात वाजले," आणि पायऱ्या उतरायला लागले. दप्तरदार शेवाळावरून भिंत धरून मागे गेला. मी वरूनच बघत होतो.

काका वाकले, पाण्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बारा."

दप्तरदाराने पट्टीकडे बघितलं, बराच वेळ. मग म्हणाला, "बारा."

"बरोबर," काका म्हणाले आणि शाईने वहीत लिहिलं.